थंड हवेची नळी

पोंभुर्णा
४ मे २०२५

प्रिय दिनेश,

सप्रेम जयभीम.

तुमच्या एटापल्लीत मोबाइलचा टॉवर आहे की नुसता खांब, हे मला आजवर कळलेलं नाही. चार वेळा फोन लावला. एकदा लागला तेव्हा तू "हाव, हाव" म्हणालास आणि तिथंच संपलास. म्हणून पत्र. तसंही जे विचारायचं आहे ते तोंडानं विचारायची लाज वाटते.

विषय सुगतच्या गाडीचा. तीच लाल, दोन दारांची, टर्बोवाली, जी त्यानं पुण्यातल्या कुणा हौशी माणसाकडून जुनी घेतली आणि जिच्या मागच्या सीटवर बसायचं तर माणसाला आधी स्वतःची घडी घालावी लागते. तो जर्मनीला गेला त्याला जुलैत दोन वर्षं होतील. तेव्हापासून ती माझ्या पडवीत ताडपत्रीखाली आहे. दर रविवारी मी ताडपत्री काढतो, दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवतो, पुन्हा झाकतो. शेजारच्या बायनाबाई म्हणतात, गुरुजींनी म्हैस पाळली असती तर निदान दूध तरी मिळालं असतं.

परवा डिकीत सुगतची वही सापडली. शेवटच्या पानावर एक चित्र आहे. गाडीचं इंजिन श्वास घेतं तो बोनेटच्या आतून, म्हणजे स्वतःच्याच उष्ण पोटातून. सुगतच्या चित्रात हवा गाळणारा तो काळा डबा काढून टाकलाय आणि एक नळी टर्बोपासून थेट पुढं बाहेरच्या हवेपर्यंत नेलीय. थंड हवा दाट, दाट हवेत प्राणवायू जास्त, म्हणून ताकद जास्त. इतकं मला समजलं. पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसाला इतकं समजलं, याची नोंद घे.

तुला आठवत असेल, जायच्या आधीच्या मे महिन्यात तो हीच नळी करायला बसला होता. अंगणात तू होतास, तुझी बायको रिना होती, आमच्या शाळेतले दोन शिक्षक होते. मी म्हणालो, "चांदा जिल्ह्यात, मे महिन्यात, थंड हवा शोधणारा हा पहिला संशोधक. सापडली तर आधी बापाच्या खोलीत सोड." सगळे हसले. त्यानं पाना खाली ठेवला, हात पुसले आणि ते काम पुन्हा कधी काढलं नाही.

सप्टेंबरात त्याचा नोकरीचा करार संपतो. सोळा ऑक्टोबरला, धम्मदीक्षेच्या दिवशी, चांद्याच्या दीक्षाभूमीवर आपण दोघं याच गाडीतून जाऊ, असं तो जाताना म्हणाला होता. तोवर ही नळी मी बसवणार. माझ्या हातांनी. त्यानं चावी फिरवावी आणि त्याला कळावं.

पाना कोणत्या बाजूनं धरतात तेवढं मला माहीत नाही. तिथपासून सांग.

तुझा भाऊजी,
संघपाल


एटापल्ली
१५ मे २०२५

भाऊजी, जयभीम.

पत्र भेटलं. दोनदा वाचलं. रिनाले बी वाचून दाखवलं. म्हशीचं आयकून ते हासली, मंग काऊन कोण जाणे, उठून आत गेली. मी बोलतो तसाच लिहितो, त्याच्यावर लाल पेन नका चालवू.

भाऊजी, राहू द्या ना. गाडी हाये तशी चांगली हाये. कंपनीवाल्यानं तो डबा काई येडेपणानं बसवला नाई. उनाचे दिवस, तुमचं बीपी, पडवीत भट्टी लागल्यावानी होत असन. आन् सुगतले खरंच पाह्यजे असन तर तो करन ना त्याच्या हातानं.

पण तुमी आयकणार नाई हे मले माहीत हाये. आमची ताई होती तवा म्हणे, यायले नाई म्हटलं का हे दुप्पट जोरानं करते. तर मंग नीट आयका.

पीव्हीसी पाइप लावू नका. बोअरचा उरलेला तुकडा घरी असन, तुमचा हात तिकडंच जाईन. टर्बोपाशी लई गरमी राह्यते, पाइप नरम पडते. चांद्याले सायलेन्सरवाल्याकडून अडीच इंची स्टीलचा पाइप घ्या, दोन वाकणं करून. जोडाले सिलिकॉनचे होज, त्याच्यावर क्लिपा. क्लिप लई कसू नका, होज कापते. पाइपाच्या आत बोट फिरवून पाहा, लोखंडाचा कीस राह्यला तर टर्बोचं पातं खाईन.

ऊर्जानगरले, वीज केंद्रात, मी अठरा वर्षं कंपनीच्या बसा दुरुस्त केल्या. तिथं राखेनं फिल्टर आठ दिवसात पांढरे व्हत. तुमच्याकडं हवा साफ हाये, तेवढं एक सुख.

सुगतचा फोन येते का तुमाले? काई बोलते का?

दिनेश


पोंभुर्णा
८ जून २०२५

प्रिय दिनेश,

तुझं पत्र पोचलं तेव्हा पीव्हीसी बसवून झाला होता. बोअरचाच. तू मला इतकं ओळखतोस ही आनंदाची गोष्ट आहे की अपमानाची, हे ठरवतो आहे. इंजिन सुरू केलं. सातव्या मिनिटाला नळीनं मान टाकली. दहाव्या मिनिटाला ती वर्गात शेवटच्या तासाला मुलं बसतात तशी बसली होती. वास दोन दिवस गेला नाही. बायनाबाईंनी विचारलं, "गुरुजी, प्लास्टिक खाऊन राह्यले का?"

मग एसटीनं चांद्याला गेलो. सायलेन्सरवाला पोचू नावाचा गृहस्थ. त्यानं विचारलं, "कोनत्या ट्रॅक्टरचा बनवाचा हाये?" मी म्हटलं, स्पोर्ट्स कारचा. त्यानं माझा चष्मा पाहिला, पिशवी पाहिली, पिशवीतली मेथी पाहिली.

"गुरुजी, गाडी कोनाची?"

"मुलाची."

"पोरगा कुठी हाये?"

"जर्मनीत."

"मंग त्याले बोलवा ना. हे जवान पोरायचं काम हाये."

मी म्हटलं, येतोच आहे. त्यानं पाइप फार सुंदर वाकवला. मी मेथीसकट तो मांडीवर घेऊन घरी आलो. बसमध्ये एकानं विचारलं, हे कोणतं वाद्य.

आता अडचण. हवा मोजायचा जो सेन्सर त्या काळ्या डब्यावर होता तो मी नळीवर बसवला. गाडी सुरू होते, पण खोकते, आणि काचेमागं पिवळा दिवा लागतो. दुसरं म्हणजे नळीच्या तोंडाचा फिल्टर. सुगतच्या चित्रात बाण पुढच्या बंपरच्या मागं, खाली उतरतो. तिथंच बसवू ना?

सुगतचा फोन येतो. दर रविवारी साडेचारला, चार मिनिटं. गोळी घेतली का, नळाला पाणी आलं का. मी कराराचं विचारलं की आवाज तुटतो. "बाबा, एक सांगायचं होतं" इथवर येतो आणि तुटतो. तिकडंही टॉवरची बोंब दिसते. जर्मनीबद्दलचा माझा आदर कमी झाला.

नळीचं त्याला काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

संघपाल


एटापल्ली
१९ जून २०२५

भाऊजी, जयभीम.

सेन्सर उलटा बसला असन. त्याच्यावर बारीक बाण राह्यते, तो इंजिनाकडं पाह्यजे. आन् त्याच्या आधी वीतभर पाइप सरळ पाह्यजे, वाकणाले लागून नाई, नाईतर हवा घुमते आन् त्याले मोजता येत नाई. बॅटरीची तार दहा मिनिटं काढून ठेवा, दिवा जाईन.

फिल्टर चित्रात हाये तसाच बसवा. बंपरच्या मांगं, खाली, धुक्याच्या लाइटच्या बाजूले. थंडी हवा तिथंच भेटते.

चालवाची घाई करू नका. पडवीतच सुरू करून पाहात जा. तेवढं बस हाये.

आलापल्लीचा एक ठेकेदार गाडी पाहाची म्हणत होता. चांगली किंमत देईन. मी नुसतं विचारून राह्यलो, राग नका मानू.

दिनेश


पोंभुर्णा
६ जुलै २०२५

प्रिय दिनेश,

गाडी विकायचं पुन्हा लिहिलंस तर तुझी पत्रं आठवीच्या वर्गात मोठ्यानं वाचून दाखवीन.

झालं. बाण इंजिनाकडं केला, सरळ वीत मोजून ठेवली, क्लिपा लाडानं कसल्या. फिल्टर बंपरमागं बसवताना जमिनीवर पाठ टेकून एक तास पडून होतो. उठवायला बायनाबाईंच्या नातवाला बोलवावं लागलं. आणि मग चावी.

दिनेश, ती शीळ घालते. आधी डब्यात कोंडलेली होती, आता मोकळी झाली. पाय दाबला की लांबून कुणी शीळ घालत जवळ येतंय असं वाटतं, पाय उचलला की एक सुस्कारा. सुगत अंगणात सगळ्यांना हेच समजावून सांगत होता, शीळ ऐकू येईल म्हणून. तेव्हा मी ऐकत नव्हतो, पुढचं वाक्य जुळवत होतो.

डोळ्यात पेट्रोल गेलं असावं. पेट्रोलला मी हातही लावला नव्हता, पण दुसरं कारण सापडत नाही.

पडवीतच सुरू कर म्हणतोस. ती गाडी आहे, देव्हारा नव्हे. आणि देव्हारा आपल्या घरात तसाही नाही. काल देवाडा फाट्यापर्यंत जाऊन आलो. स्वाती असती तर शेजारी बसून डोळे मिटून घेतले असते आणि "जरा हळू" म्हणत मनातून खूश झाली असती. तुझी बहीण तशीच होती.

माझा एक बेत आहे. तो लिहीत नाही.

संघपाल


पोंभुर्णा
२७ जुलै २०२५

दिनेश,

मी सुखरूप पोचलो. गेल्या रविवारपासून हे पत्र मनात लिहितो आहे, आज कागदावर घेतो.

बेत इतकाच होता की तुझ्या गॅरेजपुढं अचानक येऊन उभं राहायचं आणि शीळ ऐकवायची. आष्टीपर्यंत आभाळ कोरडं होतं. आलापल्लीच्या पुढं त्या रपट्यावरून, नाल्यावरच्या त्या बुटक्या पुलावरून, पाणी चाललं होतं. थांबलो. माझ्या पुढून एक मोटारसायकल गेली, तिची अर्धी चाकंही बुडाली नाहीत. मीही घातली. मध्यावर एकच दणका बसला, जसं कुणी लोखंडी दार लावावं. मग काही नाही. नुसतं पाणी वाहण्याचा आवाज.

काठच्या शेतातल्या लालसूनं बैल सोडून आणले, दोर बांधला, गाडी काठाला काढली. तुला निरोप धाडला तोही त्यानंच. तू येईपर्यंत तो गाडीभोवती एकदा फिरला, खाली वाकला आणि मला म्हणाला, "गुरुजी, इचं नाक इतकं खाली कायले ठेवलं? पानी पेईन ना."

ज्या माणसानं आयुष्यात अशी गाडी पाहिली नाही, त्याला एका चकरेत कळलं.

तू आलास, गॅरेजात नेलीस, नळी सोडवलीस. तिच्यातून तांब्याभर गढूळ पाणी पडलं. तू माझ्याकडं न बघता म्हणालास, "पाण्याचं सांगाचं राहून गेलं, भाऊजी." रिनानं चहा दिला. मी बस पकडली. आष्टीपर्यंत ते एकच वाक्य घोळवत होतो.

मी संस्कृतातलं न्यायशास्त्र, म्हणजे तर्काचं शास्त्र, शिकलो तेव्हा माझे वडील म्हणाले होते, जे दार आपल्याला बंद होतं त्याच्या आत जाऊन बघ काय ठेवलंय. आत ठेवलं होतं अनुमान. डोंगरावर धूर दिसला तर विस्तव न बघताही कळतो. आता माझा धूर बघ. तू ज्या गावात गॅरेज चालवतोस तिथं चारी बाजूंनी नाले आहेत. पावसाळ्यात येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला तू आधी पाण्याचं विचारतोस, मग रोग. हे मी कानानं ऐकलं आहे. त्याच माणसानं मला क्लिपा किती कसायच्या ते लिहिलं, कीस लिहिला, सेन्सरवरचा बाण लिहिला. पाणी लिहिलं नाही.

तू विसरभोळा नाहीस. माझं वाईट चिंतणारा तर नाहीसच. मग एकच उरतं. ही गाडी पडवीतून कधी हलणारच नाही असं तू धरून चालला होतास. म्हाताऱ्याला हाताशी काही तरी असू दे, इतक्यापुरतंच तू मला ते शिकवत होतास. पण सुगत ऑक्टोबरात आला असता तर त्यानं ती पहिल्याच दिवशी बाहेर काढली असती, आणि नाले तेव्हाही भरलेले असतात. तुझ्यासारख्या मिस्त्रीला हे सुचलं नसेल, असं होत नाही.

म्हणजे तो येणार नाही. हे तुला माहीत होतं. मी पहिलं पत्र लिहिलं त्याच्याही आधीपासून.

मी कुठं चुकलो ते सांग. माझं अनुमान चुकावं, अशी आयुष्यात पहिल्यांदा इच्छा आहे.

संघपाल


एटापल्ली
५ ऑगस्ट २०२५

भाऊजी,

तुमी चुकले नाई.

फेब्रुवारीत मी सामानाले चांद्याले आलो होतो, तवा त्याचा फोन लागला. त्याले तिथंच कायमची नोकरी भेटली. त्याच्या ऑफिसातल्या पोरीसंग त्यानं डिसेंबरात कोर्टात लग्न केलं. घर घेतलं. मले म्हणे, मामा, बाबाले मीच सांगीन, तू सांगू नको, आन् गाडीले गिऱ्हाईक पाहा. मी त्याले दर महिन्याले विचारतो, सांगतलं का. म्हणते, रविवारी सांगतो.

मी त्याले शिव्या देल्या. म्हटलं, लेका, बाप रागावन, दोन दिवस जेवणार नाई, मंग जेवन. तर तो म्हणे, "बाबा रागावले तर बरं होईन मामा. ते रागावणार नाईत. ते काईतरी मजेचं बोलतीन, सगळ्यायले सांगतीन, सगळे हासतीन. मंग माझ्या लग्नाचं मले तेच आठवन."

मी तुमाले लिवणारच होतो. तवाच तुमचं ते म्हशीचं पत्र आलं. ताई गेल्याले आठ वर्षं झाली, तवापासून तुमच्या अक्षरात मले इतकं हासू दिसलं नव्हतं. रिना म्हणे, आता नका लिवू, नळी होऊ द्या. मंग पीव्हीसीचं पत्र आलं, मंग पोचूचं. दर खेपेले म्हटलं, पुढच्या पत्रात.

पाण्याचं मी विसरलो नाई. फिल्टरचं लिवतानी पेन तिथंच थांबला होता. पाणी पाहून चालवा असं लिवलं तर सुगत गाडी चालवन असं लिवल्यासारखं होते. तेवढं खोटं माझ्या हातून लिवून नाई झालं. मी म्हटलं, लपवून राह्यलो तेवढंच पाप पुरे. आन् त्याच्यानंच गाडी गेली.

इंजिन उघडलं. पाणी दाबल्या जात नाई, लोखंड वाकते. दोन रॉड वाकले, एकानं इंजिनाच्या बाजूची भिंत फोडली. हे इंजिन आता उठत नाई, भाऊजी. मी आठ दिवस उघडून बसलो होतो, काई निघते का म्हणून.

मारा, शिव्या द्या, पण पत्र बंद करू नका.

दिनेश


पोंभुर्णा
१७ ऑगस्ट २०२५

चि. सुगत,

आज रविवार. साडेचारला तुझा फोन वाजत होता तेव्हा मी समोरच बसलो होतो. उचलला नाही. बोलायला लागलो की माझी जीभ आपोआप वळते, आणि मला आज तिच्यावर विश्वास नव्हता. कागदावर खोडता येतं. हे चौथं लिहिणं आहे.

मला सगळं कळलं आहे. मामानं तुझा शब्द मोडला नाही. त्यानं जे लिहिलं नाही त्यावरून मी ओळखलं, आणि मग त्याला खोटं बोलता आलं नाही. त्याच्यावर रागावू नकोस. मीही रागावून झालो, आता त्याला दर आठवड्याला पत्र लिहिणार आहे.

तुझी गाडी मी मोडली. तुझ्या वहीतली नळी तू काढली होतीस तशीच केली, पाइप चांद्याहून वाकवून आणला. बसली, नीट चालली. मग मी ती पाण्यात घातली. तुझं चित्र बरोबर होतं. तू चालवली असतीस तर पाऊस बघून रस्ता बदलला असतास. चूक माझी. इंजिन गेलं, ते परत होणार नाही असं मामा म्हणतो. बाकी गाडी त्याच्या गॅरेजात आहे. तिचं काय करायचं ते तू ठरव. विकायची असेल तर मी आडवा येणार नाही.

त्या दिवशी अंगणात मी जे बोललो ते मला तेव्हा छान वाटलं होतं. तू हात पुसत आत गेलास हेही मी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही. मी तुझ्या मागं आत यायला हवं होतं, पण बाहेर लोक अजून हसत होते, म्हणून मी थांबलो. असं किती वेळा झालं असेल ते तुलाच माहीत. मला सापडतात ती सात-आठ आहेत. बारावीचा निकाल, तुझी ती कविता, तुझ्या आईच्या आजारपणात तू केलेला भात. तुझ्याकडं आणखी असतील.

तुझी आई आजारी असताना मी घरात फार विनोद केले. तिला बरं वाटावं म्हणून करतो असं सांगत होतो. मला भीती वाटत होती.

सोळा ऑक्टोबरला मी एसटीनं जाऊन येईन. तू यायलाच हवं असं नाही. कधी येशील असं या पत्रात विचारलेलं नाही, फोनवरही विचारणार नाही. तुला वाटेल तेव्हा तू सांगशील. नाही सांगितलंस तरी रविवारचा फोन करत जा. मी उचलेन. गोळी घेतली का ते विचार, मी खरं सांगेन.

मामाच्या पत्रात तुझ्या बायकोचं नाव नव्हतं. मी त्याला विचारलं नाही. ते तुझ्याकडून कळावं असं वाटतं. तिच्या भाषेत ते कसं म्हणतात तेही लिही, आपल्या अक्षरांत. मी त्याचा अर्थ काढणार नाही, कुणाला सांगून हसवणार नाही. नुसतं म्हणून बघेन, उच्चार नीट येईपर्यंत. घरात ऐकायला तसंही कुणी नसतं.

बाबा